मापकाकांची कवळी

चौकातून उजवीकडे वळलं की किल्ल्या बनवणाऱ्याच्या टपरीला लागून एक अरुंद दुकान होतं. आत एका वेळी दोनच माणसं मावत, तिसऱ्याला पायरीवर उभं राहावं लागे. भिंतभर खुंट्या आणि खुंट्यांवर लाकडी साचे, प्रत्येक साच्यावर पेन्सिलीनं केलेल्या कुणाच्या ना कुणाच्या पायाच्या खुणा. या दुकानात मापकाका बूट शिवत. त्यांचं खरं नाव मतदारयादीत असेल तेवढंच. गल्लीतल्या पोरांनी कधीतरी मापकाका म्हणायला सुरुवात केली, ती पोरं मोठी होऊन स्वतः बाप झाली, तरी नाव तेच राहिलं.

बूट तयार झाला की मापकाका गिऱ्हाइकाला दहा पावलं चालायला लावत. चालणाऱ्याच्या पायांकडे ते बघतच नसत, तोंडाकडे बघत. माणूस भिडेखातर म्हणायचा, अगदी छान बसलाय, कुठे चावत नाही. मापकाका म्हणायचे, डाव्या करंगळीपाशी चावतोय, काढा. शंभरातल्या नव्याण्णव वेळा त्यांचं खरं निघे. शंभराव्या वेळी गिऱ्हाइकाच्या पायात मोजा उलटा असे.

घर दुकानाच्या वरच होतं, दोन खोल्यांचं. चाळीस वर्षं मापकाका खाली बूट शिवत आले आणि वर काकूंनी संसार सांभाळला. दुपारी एकच्या सुमाराला काकू जिन्याच्या कठड्यावर पळी वाजवत, मापकाका हात धुऊन वर जात, जेवत, वीस मिनिटं आडवे होत आणि पुन्हा खाली येत. स्वयंपाकघरात काय आणि कुठे आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असायला हवं असं कधी कुणाला वाटलंही नव्हतं. काकू गेल्या तेव्हा मापकाका त्र्याहत्तर वर्षांचे होते. त्याला आता दीड वर्ष झालं होतं.

त्यांची एकुलती एक लेक शहराच्या दुसऱ्या टोकाला राहत होती. ती बस डेपोत होती. कोणती गाडी किती वाजता सुटली, किती वाजता परत आली, हे टिपून ठेवायचं काम तिच्याकडे. ड्रायव्हर मंडळी पाठीमागे तिला मिनिटबाई म्हणत, कारण गाडी एक मिनिट उशिरा आली तर ती एक मिनिट उशीर असंच लिही. ‘साधारण वेळेवर’ ही गोष्ट तिला मान्य नव्हती. दर रविवारी ती वडिलांकडे यायची, येताना डब्यातून काहीतरी करून आणायची. मापकाका म्हणायचे, ठेव झाकून, आत्ताच खाल्लंय, मागनं खातो. आईच्या जाण्यानं त्यांची भूक मेली असेल, येईल हळूहळू ताळ्यावर, असं म्हणून ती परत जायची.

एका रविवारी मापकाका वरच्या खुंटीवरचा साचा काढायला हात उंच करून उभे राहिले आणि सदरा वर सरकला. लेकीला त्यांचा पट्टा दिसला. पट्ट्याला मुळात पाच भोकं होती. त्यापुढे आणखी चार पाडलेली होती, एका रेषेत, सारख्या अंतरावर, कडा घासून गुळगुळीत केलेली. काम इतकं नेटकं होतं की पट्टा तसाच विकत आणलाय असं वाटावं.

तिनं विचारलं तर ते म्हणाले, “पट्टा सैल पडला होता.”

“पट्टा नाही सैल पडत बाबा,” ती म्हणाली. “माणूस पडतो.”

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ती त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. वजन दहा किलोनं उतरलं होतं, रक्त कमी होतं आणि रक्तातली साखर मात्र काठावर येऊन थांबली होती. डॉक्टरांनी विचारलं, दिवसभरात काय काय खाता. मापकाका खोटं बोलणाऱ्यांतले नव्हते. सकाळी चहा-बिस्किटं, अकराला चहा-बिस्किटं, दुपारी दुधात बुडवून पाव, चारला चहा-बिस्किटं. रात्री भूक नसते. चहात साखर किती, तर तीन चमचे, पण चमचे लहान आहेत, असं त्यांनी सांगितलं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. पोट भरतंय पण अंगाला काही लागत नाहीये, असं त्यांचं म्हणणं पडलं. डाळी हव्यात, अंडी हवीत, भाज्या, फळं, चालत असेल तर मासे. मीठ बेतानं, साखर कमी, बिस्किटं बंद. हे असंच चाललं तर एक दिवस जिन्यात तोल जाईल, आणि या वयात हाड मोडलं की ते सांधायला शरीरात काहीतरी शिल्लक असावं लागतं, हे त्यांनी लेकीकडे बघून सांगितलं.

त्या संध्याकाळी तिनं नवऱ्याला सांगितलं की महिना-दोन महिने मी बाबांकडे राहायला जाते. नवरा शाळेत चित्रकला शिकवायचा, स्वभावानं शांत. मला अंडी उकडता येतात, बाकीचं शिकेन, तू खुशाल जा, एवढंच तो म्हणाला. तिनं डेपोत सकाळची पाळी मागून घेतली, एक बॅग भरली आणि माहेरी येऊन दाखल झाली.

आल्या दिवशीच तिनं स्वयंपाकघराच्या भिंतीवर वेळापत्रक चिकटवलं. सात वाजून दहा मिनिटांनी अंडं. दहा वाजता फळ, एक वाजता डाळ-भात आणि दोन भाज्या, चार वाजता मूठभर भाजलेले शेंगदाणे, साडेसातला पुन्हा भाजी. बिस्किटांचा डबा तिनं रिकामा करून धुऊन उपडा घातला. पहाटे उठून सगळं रांधायचं, झाकून ठेवायचं, डेपोत जायचं आणि दुपारी तीनला परत येऊन झाकणं उघडून बघायची, असा तिचा क्रम सुरू झाला.

मापकाकांनी कशालाच नाही म्हटलं नाही. हीच तर पंचाईत होती. ते म्हणायचे, हो, खाल्लं, छान झालं होतं. भांडी रिकामी असायची, एवढंच नाही तर विसळून ठेवलेली असायची. लेकीच्या मनाला समाधान वाटलं. पंधरा दिवसांनी तिनं त्यांना पुन्हा वजनकाट्यावर उभं केलं, तर वजन आणखी अर्ध्या किलोनं घटलेलं.

तिला काही सुचेना. मग एका दुपारी ती तासभर लवकर घरी आली आणि जिन्याखाली तिला किल्लीवाल्याचं मांजर दिसलं. ते मांजर एरवी फासळ्या मोजून घ्याव्यात असं होतं. आता त्याची कांती तकाकत होती, आणि ते एका कागदावरचं उकडलेलं अंडं आणि वाटाण्याची भाजी अगदी सावकाश, घाई नसल्यासारखं खात होतं. पंधरा दिवसांत बापानं नाही, मांजरानं बाळसं धरलं होतं.

लेक तडक वर गेली. त्या दिवशी ती वडिलांना बोलू नये ते बोलली. मी माझं घर टाकून इथे पहाटे चारला उठते ते मांजरासाठी का, असं विचारलं. तुम्हाला जगायचंच नाहीये का, असंही विचारलं. मापकाका मान खाली घालून ऐकत होते. शेवटी ती म्हणाली, आईनं केलं असतं तर खाल्लं असतंत ना तुम्ही. त्यावर त्यांनी वर बघितलं आणि चपला घालून ते दुकानात गेले.

तासाभरानं तिचा राग ओसरला आणि स्वतःचीच लाज वाटू लागली. तिनं चहा केला, साखर दोनच चमचे घातली, आणि कप घेऊन खाली गेली. दुकानाचं दार अर्धं लोटलेलं होतं. आत मापकाका दाराकडे पाठ करून स्टुलावर बसले होते. चष्मा नाकावर, मान वाकवलेली, दोन गुडघ्यांत कापडात गुंडाळलेली एक वस्तू घट्ट धरलेली, आणि हातातली बारीक कानस त्या वस्तूवर हलक्या हातानं पुढे-मागे चाललेली. कानशीचा आवाज चामड्यावरचा नव्हता. ती बाजूनं पुढे झाली. गुडघ्यांत त्यांची खालची कवळी होती.

त्यांनी तिला पाहिलं आणि आधी हात तोंडावर ठेवला.

लेकीनं कप साच्यांच्या फळीवर ठेवला आणि खाली, फरशीवर, गिऱ्हाइकाचा पाय ठेवायच्या पाटावर बसली. मग तिनं विचारलं, “कुठे चावते?”

“आत डावीकडे,” तोंडावरचा हात न काढता मापकाका म्हणाले. “आधी उजवीकडे चावायची. ते घासलं, तर डावीकडे चावायला लागली.”

“कधीपासून?”

“तुझी आई गेली, त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी. आधी सैल झाली. मग हलायला लागली. मग जिथे हलते तिथे चावते, तसं बुटाचंही असतंच.”

लेकीला सगळं एकदम लक्षात आलं. बिस्किटं चहात विरघळतात. पाव दुधात विरघळतो. शेंगदाणे विरघळत नाहीत, वाटाणे कवळीखाली जाऊन हिरडीत रुततात, आणि तिनं रोज दुपारी चारला मूठभर शेंगदाणे मोजून ठेवले होते. तिनं विचारलं की हे मला, नाहीतर डॉक्टरांना, एका शब्दानं का नाही सांगितलंत.

मापकाका कवळी कापडावर फिरवत राहिले. मग अडखळत जे सांगितलं ते असं. दात काढल्यावर कवळी करायची ठरली, तेव्हा काकू बरोबर आल्या होत्या. दातांच्या डॉक्टरांनी रंग निवडायला नमुन्याच्या दातांची एक पट्टी पुढे केली. मापकाकांनी सगळ्यांत पांढरा दाखवला. काकूंनी पट्टी हातात घेतली, खिडकीशी नेली, त्यांच्या चेहऱ्याशेजारी धरून एकेक दात पाहिला आणि जरासा पिवळट निवडला. इतकंच नाही, पुढचा एक दात किंचित तिरका बसवा, असं सांगितलं, कारण त्यांचा मूळचा तसा होता. डॉक्टर हसले, पण त्यांनी बसवला.

“ही चावते म्हटलं असतं तर तू दुसरी करवून घेतली असतीस,” मापकाका म्हणाले. “हे दात डॉक्टरांनी टाकून दिले असते.”

लेकीनं हात पुढे केला. त्यांनी जरा विचार करून कवळी तिच्या हातावर ठेवली. पुढचा एक दात खरंच तिरका होता. तिनं तो आजवर शेकडो वेळा पाहिला होता आणि तो बाबांचाच आहे असं धरून चालली होती.

दातांचे डॉक्टर वयानं मापकाकांच्या बरोबरीचे होते आणि कवळ्या ते स्वतःच्या हातानं बनवत. दवाखान्यामागे त्यांची एक खोली होती, साचे, मेण आणि छोट्या कानशींनी भरलेली. त्यांनी मापकाकांच्या हिरड्या पाहिल्या, डावीकडे चांगली जखम होती. मग कवळी उजेडात धरली, फिरवून फिरवून पाहिली आणि विचारलं, हे घासकाम कुणाचं. मापकाका म्हणाले, माझंच. डॉक्टर म्हणाले की हात चांगला आहे पण जागा चुकली आहे. चूक कवळीची नव्हती. वजन उतरतं तसा जबडाही उतरतो, आणि मग जुनी कवळी नव्या जबड्यावर बसत नाही.

मापकाका खुर्चीच्या दांड्या धरून ताठ बसले. “मग नवी करावी लागणार.”

“कशाला? दात हेच राहतील. आतून नवं अस्तर घालायचं.”

मापकाकांनी दांड्या सोडल्या. अस्तर म्हटल्यावर त्यांना पुढचं सांगायची गरज नव्हती. वरचं कातडं उत्तम असेल आणि आतून बूट ढिला झाला असेल तर ते स्वतः चाळीस वर्षं हेच करत आले होते. त्यांनी डॉक्टरांना विचारलं की अस्तर एकजिनसी येईल ना, जोडावर खरखर राहणार नाही ना, कडा किती जाड ठेवणार. डॉक्टरांनी एकेका प्रश्नाचं उत्तर दिलं, आणि बाहेर पाच माणसं ताटकळत असताना दोघं म्हातारे पाऊण तास कडांविषयी बोलत बसले. एक अट मात्र होती. हिरड्या भरून येईपर्यंत, निदान आठ-दहा दिवस, कवळी अजिबात घालायची नाही.

ते दहा दिवस मापकाकांना फार जड गेले. बोळक्या तोंडानं ते दुकानात बसेनात. घरातही रुमाल तोंडावर धरून बोलत, आणि लेकीसमोर जेवायला तर मुळीच तयार होईनात. तू आधी जेव, मी मागनं बसतो, हेच चालू. तिनं त्यावर वाद घातला नाही. जेवणाचं टेबल ओढून खिडकीला लावलं आणि दोन्ही खुर्च्या एकाच बाजूला मांडल्या. दोघंही शेजारी बसून रस्त्याकडे बघत जेवू लागली. कुणी कुणाच्या तोंडाकडे बघायचा प्रश्नच नव्हता. खाली किल्लीवाला गिऱ्हाइकाशी हुज्जत घालत असायचा, त्यावर दोघांना बोलायला मिळे.

भिंतीवरचं वेळापत्रक तिनं काढलं. आता ती त्यांना विचारून करू लागली. डाळ दोनदा शिजवून, घोटून, वर थोडं लोणी. पिकलेली पपई चमच्यानं कुस्करलेली. दही. अंडं कडक न उकडता दुधात फेटून मंद आचेवर हलवलेलं. गाजर आणि भोपळा एकत्र शिजवून गाळलेलं दाट सूप, त्यात मिऱ्याची पूड, कारण मीठ बेतानं होतं आणि नुसतं गुळमट त्यांना आवडत नसे.

पहिल्या दिवशी सूप गाळायला ती चाळण शोधत होती. ओट्याखाली मागे, काकूंच्या डब्यांमागे, तिला एक सापडली. जाळी मधोमध झिजून पातळ झालेली, एका जागी तारेनं शिवलेली. शेजारी एक दगडी खलबत्ता आणि भाजी किसायची किसणी, तिचीही धार गेलेली. या घरात लेकीचं बालपण गेलं होतं, पण त्या काळी आई काही इतकं गाळत-किसत नव्हती. तिनं चाळण वडिलांना दाखवली आणि विचारलं, आई हिच्यातून काय गाळायची.

मापकाकांना ठाऊक नव्हतं. त्यांनी चाळण हातात घेतली, उलटी केली, शिवलेली तार नखानं चाचपली. मग ते हळूहळू आठवू लागले. शेवटच्या सात-आठ वर्षांत डाळ नेहमी पाण्यासारखी सरसरीत असायची. भाज्यांना साल नसायची. सफरचंद फोडी करून कधी यायचंच नाही, किसून वर दही घालून यायचं. मासा आला तर काटा कधी लागायचा नाही. दात एकेक करून हलत होते तेव्हाही, सगळे काढले तेव्हाही, कवळी नवी होती तेव्हाही त्यांना जेवताना कधी अडलं नव्हतं. आपलं तोंड निकामी झालंय हे त्यांना समजलंच नव्हतं.

“मला वाटायचं, तिच्या हाताची पद्धतच तशी मऊ आहे,” ते म्हणाले.

त्यांनी रुमाल तोंडावरून काढून डोळ्यांना लावला. लेकीनं सुपाची वाटी त्यांच्यापुढे सरकवली, आणि दोघं खिडकीबाहेर बघत राहिली. सूप त्यांनी सगळं प्यायलं. मग आणखी आहे का, असं विचारलं. दीड वर्षात पहिल्यांदा त्यांनी काही मागून घेतलं होतं.

अकराव्या दिवशी अस्तर घातलेली कवळी बसली. डॉक्टरांनी ती घालायच्या आधी आत पांढरा लेप लावला, दाब द्यायला लावला, काढली, जिथे लेप पुसला गेला तिथे किंचित घासलं, पुन्हा बसवली. मापकाका आरशातून बारकाईनं सगळं बघत होते. आपण खडूनं करतो तेच हे करतात, असं त्यांनी नंतर लेकीला सांगितलं. शेवटी डॉक्टर म्हणाले, आता एकसष्टपासून सत्तरपर्यंत मोजा. मापकाका मोजू लागले. त्रेसष्टला शिट्टी वाजली. डॉक्टरांनी कवळी काढून एक कड घासली. दुसऱ्या खेपेला सदुसष्टला वाजली. तिसऱ्या खेपेला सत्तरपर्यंत बिनआवाज गाडी पोचली, आणि लेक बाहेरच्या बाकावरून म्हणाली की वेळेवर आहे.

पण एकदम सगळं सुरळीत झालं असं नाही. पहिला आठवडा ते मऊच खात होते, सवयीनं आणि भीतीनं. गाजराची एक पातळ चकती त्यांनी तोंडात घेऊन पाच मिनिटं नुसती इकडून तिकडे फिरवली. लेक टोकायची थांबली होती. त्यांना जे जमेल ते जमेल तेव्हा, असं तिनं स्वतःला बजावलं होतं. डेपोत मात्र ती पूर्वीसारखीच होती, तिथे एक मिनिट म्हणजे एक मिनिट.

एका संध्याकाळी ती घेवड्याच्या शेंगा चिरत होती. मापकाका मागे उभं राहून बघत होते. शेवटी त्यांना राहवलं नाही. ही सुरी आहे की मोजपट्टी, असं म्हणून त्यांनी सुरी काढून घेतली, खाली दुकानात गेले आणि धार लावून आले. मग स्वतः बसले. चामडं कापणारा हात तो. शेंगा नाडीच्या दोऱ्याएवढ्या बारीक, एकीपेक्षा दुसरी लांब नाही की आखूड नाही. त्या इतक्या बारीक होत्या की पाच मिनिटांत शिजल्या आणि चावायलाही सोप्या गेल्या. त्या दिवसापासून चिरायचं काम त्यांचं झालं. घरातल्या झाडून सगळ्या सुऱ्यांना धार लागली. कोबी, बीट, पालक, जे येईल ते. आपण चिरलेलं मांजराला घालावं असं मात्र त्यांना कधी वाटलं नाही. मांजर चार दिवस पायरीवर येऊन बसलं आणि मग किल्लीवाल्याकडे परत गेलं.

बिस्किटांवरून दोघांचा तह झाला. चार वाजताच्या चहाबरोबर दोन, आणि चहात साखर एक चमचा. मापकाकांनी चमचा कोणता ते ठरवण्याचा हक्क मागितला आणि कपाटातून भला मोठा चमचा शोधून काढला. लेकीनं तो हातात तोलून बघितला, परत कपाटात ठेवला आणि लहान चमचा पुढे केला. अधूनमधून दुकानात साच्यांच्या मागे एखादा बिस्किटाचा पुडा सापडे. ती तो तिथेच राहू द्यायची. इतकं तर असायचंच.

लेक राहायला आल्यापासून दीड महिन्यानं पहिल्या डॉक्टरांनी वजन केलं तेव्हा ते साडेतीन किलोनं वाढलं होतं. रक्त सुधारलं होतं, साखर काठावरून थोडी मागे सरली होती. डॉक्टरांनी विचारलं, काय केलंत. मापकाका म्हणाले, कवळीला अस्तर घातलं. डॉक्टरांना आधी काही कळेना. मग लेकीनं सगळं सांगितलं, तेव्हा ते म्हणाले की चूक माझीही आहे, मी काय खाता ते विचारलं, खाता येतं का ते विचारलं नाही.

दोन महिने पुरे झाल्यावर मापकाकांनीच विषय काढला. तुझ्या नवऱ्यानं अंडी उकडून उकडून किती दिवस काढायचे, आता तू जा. ती म्हणाली, तुम्ही काय खाल. ते म्हणाले, चिरतो ते खाईन. पण चिरलेलं शिजवणार कोण, हा प्रश्न होताच. मग शेवटचे आठ दिवस तिनं त्यांना शेगडीसमोर उभं केलं. डाळ किती पाण्यात, किती वेळ, आच कधी कमी करायची. चाळीस वर्षं ज्या खोलीत ते फक्त जेवायला आले, तिथे ते पेन्सिल कानावर अडकवून उभे राहू लागले. डाळीच्या डब्यावर त्यांनी खूण करून ठेवली, एका माणसाला इतकी, दोघांना इतकी.

लेक आपल्या घरी गेली. ती रोज रात्री आठला फोन करायची आणि ते आज काय केलं ते सांगायचे. पहिले काही दिवस बातम्या बऱ्या नव्हत्या. एकदा भात करपला. एकदा पालक धुवायचा राहिला आणि दाताखाली रेती आली. एकदा दोन दिवस नुसती अंडीच झाली, कारण खाली बुटांचं काम अंगावर होतं. तिला वाटायचं, उठून जावं. ती गेली नाही. मग एकदा त्यांनी फोनवर सांगितलं की दातांच्या डॉक्टरांना जेवायला बोलावलं होतं, त्यांची बायकोही गेली आहे, तेही पाव-दुधावर दिवस काढतात. त्यांना मी कोबी चिरून दाखवला, असं ते म्हणाले. आता ते गुरुवारी येणार आहेत, येताना मासे आणणार आहेत.

त्यानंतरच्या रविवारी तिला डेपोत जादा पाळी लागली आणि ती वडिलांकडे पोचेपर्यंत दुपारचे अडीच झाले. गणवेशातच जिना चढून वर गेली. स्वयंपाकघरातून वाफ येत होती. मापकाका शेगडीशी उभे होते, बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या. ती सवयीनं हात धुऊन ओट्याकडे वळली, तर त्यांनी तिला खांद्याला धरून खिडकीशी नेलं आणि खुर्चीवर बसवलं.

“तू बस,” ते म्हणाले. “वाढायचं काम माझं.”

भात, डाळ, बिटाची कोशिंबीर आणि शिजवलेल्या शेंगा. सगळं ताटात नीट लांब लांब मांडलेलं, एकाचा रस दुसऱ्याला लागू न देता. ते शेजारी बसले नाहीत, समोर, शेगडीला टेकून उभे राहिले. तिनं पहिला घास घेतला. डाळ चांगली शिजली होती. ते तिच्या तोंडाकडे बघत होते.

“काही कमी आहे?” त्यांनी विचारलं.

ती छान झालंय म्हणणार होती. त्यांची नजर बघून तिनं विचार बदलला.

“मीठ,” ती म्हणाली.

मापकाकांनी मान डोलावली, फळीवरून मिठाची बरणी काढली आणि तिच्या ताटाशेजारी ठेवली. “कमी मला सांगितलंय,” ते म्हणाले, “तू घे.” मग त्यांनी स्वतःचं ताट वाढून घेतलं, तिच्या शेजारची खुर्ची ओढली आणि जेवायला बसले.